वाचकांचे प्रश्न : उतारवयातलं वजन, ठसका आणि पथ्यं

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. चार महिन्यांत त्यांचं वजन ५२ किलोंवरून ४८ वर आलं. दुखणंखुपणं काही नाही, पण दोन-चार घासांतच जेवण आटोपतं. पचायला हलकं म्हणून आम्ही पातळ सूप देतो. ‘या वयात वजन उतरायचंच’ असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : नाही, आणि हा समज घातक आहे. ५२ पैकी ४ किलो म्हणजे जवळजवळ ८ टक्के. सहा महिन्यांत, न ठरवता, ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ते वयाच्या माथी मारू नये. डॉक्टरांना दाखवा. शोधलं की कारण बऱ्याचदा सापडतं : सैल झालेली कवळी, तोंडातलं दुखणं, जुनी बद्धकोष्ठता, थायरॉइड, मनाची मरगळ, नाहीतर एखादी गोळी. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि हृदयाचं डिगॉक्सिन या दोन्ही औषधांनी भूक मरू शकते. दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. आठवून सांगताना एखादी हमखास राहते.

घरी पहिला बदल सुपात करा. पातळ सुपाने पोट भरतं, पण अंगी लागेल असं त्यात फारसं नसतं. त्यांचं पोट लवकर भरतंय, तेव्हा वाटी मोठी करू नका, वाटीतला कस वाढवा. अर्धा लिटर दुधात ३० ग्रॅम दूध पावडर मिसळली की साधारण १० ग्रॅम प्रथिनं वाढतात. पावडर थेट गरम दुधात टाकली तर गुठळ्या होतात, आणि एक गुठळी तोंडात आली की पेला बाजूला सरतो. आधी थोड्या गार दुधात ती नीट कालवा, मग उरलेलं दूध हळूहळू घाला. चहा, सूप, लापशी सगळ्याला हेच दूध वापरा. सुपात वरून चमचाभर (५ मिली) तेल सोडलं की ४५ कॅलरी वाढतात आणि सूप तेवढंच राहतं. पाणी जेवणाच्या आधी पोटभर पिऊ देऊ नका, दोन जेवणांच्या मध्ये द्या.

म्हातारपणी कॅलरी थोड्या कमी लागतात, प्रथिनं मात्र जास्त लागतात : किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. हिशेब आधीच्या ५२ किलोंवर धरा, म्हणजे ५२ ते ६२ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.) तो तिन्ही वेळांना साधारण २०-२० ग्रॅम असा वाटून द्या. गाडी अडते ती सकाळी. चहा-बिस्किटांतून जेमतेम २-३ ग्रॅम मिळतात. त्याऐवजी दोन अंडी (१२ ग्रॅम) आणि वर सांगितलेलं २०० मिली दूध (सुमारे १० ग्रॅम) दिलं की सकाळचा वाटा पुरा होतो. अंडी चालत नसतील तर शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरातून ९ ग्रॅम मिळतात. स्नायूंना काम मिळालं तरच ही प्रथिनं तिथे लागतात, म्हणून टेबलाला धरून खुर्चीतून उठणं-बसणं, ५ ते ८ वेळा, सकाळ-संध्याकाळ करून घ्या.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, तशाच कपड्यांत करा. पायांवर सूज असेल तर काटा फसवतो. सूज नसेल तर पोटरीचा घेरही मोजा : गुडघा काटकोनात ठेवून, सगळ्यात जाड भागाशी. तो ३१ सेंटिमीटरहून कमी भरला तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी.

एक इशारा. पाच दिवसांहून जास्त जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचा.

प्रश्न : वडिलांना पाणी पिताना ठसका लागतो, जेवताना लागत नाही. म्हणून आम्ही पाणी कमी केलं. बरोबर केलं का?

उत्तर : पाणी तोडू नका. वयानुसार तहान मंदावते, त्यात पाणी कमी केलं की बद्धकोष्ठता, चक्कर, गोंधळलेपण हे सगळं मागोमाग येतं. पुरुषांना दिवसाला साधारण २ लिटर आणि स्त्रियांना १.६ लिटर पेय पोटात जायला हवं. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर ती पाळा.

पाणी वेगाने घशाकडे जातं आणि श्वासनलिका वेळेत बंद होत नाही, म्हणून ठसका लागतो. ताठ बसवा, एका वेळी छोटा घोट द्या, तो पूर्ण गिळल्यावरच दुसरा. स्ट्रॉ नको, तिने घोट मोठा आणि वेगात येतो. पातळ रसात घन तुकडे असलेला पदार्थ सगळ्यात अवघड, कारण दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात. खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. दात आणि जीभ रोज दोनदा स्वच्छ करा. तोंडातले जंतूच अन्नपाण्याबरोबर फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया करतात.

पिऊन झाल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल किंवा बारीक ताप वारंवार येत असेल तर गिळण्याची तपासणी लवकर करून घ्या. पाणी घट्ट करणारी पावडर स्वतःहून सुरू करू नका. ते पाणी नकोसं वाटून माणूस आणखी कमी पितो.

प्रश्न : ८२ वर्षांच्या आईला मधुमेह आहे. पथ्य कडक पाळते, पण जेवण निम्म्यावर आलंय. गोळ्या आणि इन्सुलिन तेच चालू आहे.

उत्तर : डॉक्टरांना आजच कळवा. पोटात कमी आणि डोस तोच, यात साखर एकदम खाली जाते. या वयात ते थोड्या चढलेल्या साखरेपेक्षा धोक्याचं आहे : पडणं, हाड मोडणं, बेशुद्धी. डोस स्वतः बदलू नका, साखरेची मर्यादा सैल करता येईल का आणि पथ्यातलं काय काढता येईल ते त्यांना विचारा.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सकाळी दुधाबरोबर, लगेच कॅल्शियमची. चालतं का?

उत्तर : नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर ४ तासांनी, नाहीतर थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही. मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ ची रक्ततपासणीही करून घ्या. बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांची हानी चालूच राहते.