भाकरी बदलली, साखर का बदलली नाही?

वाचकांचे प्रश्न : आहार आणि व्यायाम

प्रश्न : वय 52. एचबीए1सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) 6.3 आले म्हणून सहा महिन्यांपूर्वी चपाती बंद केली. आता दोन्ही वेळा ज्वारीची भाकरीच खाते, गोड तर अजिबात नाही. तरी परवाचा आकडा 6.3 च आहे. ज्वारी साखरेला चांगली म्हणतात ना? (एक गृहिणी, सोलापूर)

ज्वारी चांगली, पण ती धान्यच आहे. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 70 ग्रॅम कर्बोदके असतात आणि कणकेतही जवळपास तेवढीच. ज्वारीने साखर फार तर थोडी सावकाश चढते. फायदा आहे तो एवढाच.

खरी गफलत वजनात होते. घडीच्या लहान चपातीला 25 ते 30 ग्रॅम कणीक लागते, तर तव्याएवढ्या भाकरीला 60 ग्रॅम पीठ सहज जाते. म्हणजे ‘दोन चपात्यांऐवजी दोन भाकरी’ असा बदल केला असेल तर पोटात जाणारे पीठ दुप्पट झाले! कडक भाकरीचे तर विचारूच नका. ती हाताला हलकी लागते, आमटीत कुस्करली की तीन कधी संपल्या ते कळत नाही, पण वाळवल्याने फक्त पाणी उडते, पीठ तेवढेच राहते.

दोन भाकरी आणि वर वाटीभर भात, एवढ्याचीच कर्बोदके 110 ग्रॅमच्या आसपास जातात. त्याजागी असे ताट वाढून बघा : 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी, मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ एक वाटी, पालेभाजी किंवा दोडका-गवार-वांगे यांची भाजी दोन वाट्या, काकडी, अर्धी वाटी दही, चमचाभर शेंगाची चटणी. त्या जेवणात भात नाही. हे सगळे मिळून 55 ते 60 ग्रॅम होते. भाजी दोन वाट्या लिहिली आहे ती मुद्दाम. ती कमी केली की भूक राहते, मग चार वाजता फरसाणाचा डबा उघडतो. शिवाय बद्धकोष्ठ होतो तो वेगळाच.

उसळ आणि भाजी आधी निम्मी संपवा, मग भाकरीला हात लावा. साखर त्यामुळे कमी उसळी घेते. पातळ आमटीला प्रथिनांत धरू नका, तिच्यात डाळ असते जेमतेम मूठभर आणि तीही घरभराची. पिठलेही धान्याबरोबर मोजा, कारण बेसनात प्रथिने असली तरी निम्म्याहून जास्त वजन कर्बोदकांचेच असते.

एक आठवडा प्रत्येक भाकरीचे पीठ काट्यावर तोलून घ्या, नंतर हाताला अंदाज येतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी साखर बघा, एक दिवस जुन्या ताटानंतर आणि एक दिवस नव्या ताटानंतर. एचबीए1सी मात्र तीन महिन्यांनीच करा. ते साधारण तेवढ्या काळाची सरासरी दाखवते, लवकर केले तर पैसे वाया.

प्रश्न : उपवासाला साबुदाणा चालेल का? (वाचक, पंढरपूर)

नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, 100 ग्रॅममध्ये 85 ग्रॅमच्या वर. त्यात बटाटा पडतो. भगरही धान्यासारखीच. राजगिऱ्याची एक लहान भाकरी, दाण्याची आमटी, लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत, काकडीची कोशिंबीर हा फराळ बरा. दाणे मात्र मूठभरच, 30 ग्रॅमला 170 कॅलरी होतात.

प्रश्न : वय 61, गुडघे कुरकुरतात. पहाटे तासभर चालणे जमत नाही. घरातल्या घरात काय करू? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

तासभर सलग चालायलाच हवे असे कोणी सांगितले? दोन्ही मुख्य जेवणांनंतर, पानावरून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत, 10 ते 15 मिनिटे चाला. गॅलरीत, जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत, कुठेही. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून जेवणानंतरची ही वेळ साखरेसाठी मोलाची. पायात सैल स्लिपर नको.

त्याच्या जोडीला एक दिवसाआड तीन व्यायाम :

खुर्चीतून उठणे. लाकडी, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची सरकते, चाकांची तर नकोच. पावले खांद्याइतकी रुंद, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. पुढे झुकून उठा, मनात तीन मोजत बसा. बहुतेक जण बसताना धपकन अंग टाकतात. मांडीला खरे काम मिळते ते सावकाश बसण्यात, तेच हुकते. गुडघे आत वळत असतील तर पावलांच्या अंगठ्यांच्या रेषेत ठेवा. दुखत असेल तर बैठकीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. 8 वेळा, मग दोन मिनिटे थांबून पुन्हा 8. सहज जमू लागले की दर आठवड्याला एक-दोन वाढवा, 15 पर्यंत.

भिंतीला जोर. भिंतीपासून हातभर अंतरावर, तळवे छातीच्या उंचीवर. कंबर मागे न सोडता 10 वेळा.

टाचा उचलणे. ओट्याला धरून 15 वेळा, वर क्षणभर थांबून.

जोर लावताना श्वास सोडा. रोखून धरलात तर रक्तदाब चढतो. मांडी दुसऱ्या दिवशी दुखली तर ठीक. गुडघ्यातच दुखले किंवा सूज आली तर दोन दिवस विश्रांती घ्या आणि उशी आणखी जाड करा. छातीत दाब किंवा चक्कर आली तर मात्र तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा.

प्रश्न : मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. भात-भाकरी एकदम बंद केली तर लवकर फरक पडेल ना? (वाचक, कोल्हापूर)

डॉक्टरांना न विचारता करू नका. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदके अचानक तोडली तर साखर घसरते : घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे. 70 च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर धोका निराळा : रक्तात कीटोनची (चरबी जळताना तयार होणाऱ्या आम्लांची) आम्लता वाढते आणि मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर थेट रुग्णालय. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी-पनीर वाढवण्याआधीही विचारा. भाकरी निम्मी करणार आहात एवढे आधी सांगितले, तर डॉक्टर गोळीचा डोस त्याप्रमाणे बसवून देतात.

प्रश्न : भात-भाकरी कमी केली. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले, आता तीन आठवडे काटा हलत नाही. (वाचक, ठाणे)

पहिले दोन किलो बहुतांशी पाणी होते. यकृत आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (शरीरातल्या साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी चिकटून असते; साठा कमी झाला की तेही जाते. चरबी इतक्या वेगाने उतरत नाही. काट्यापेक्षा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सकाळी, श्वास सोडल्यावर, कपड्यावरून नाही. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटर, स्त्रियांत 80 ही मर्यादा. टेपही महिनाभर हलली नाही तर चहाची साखर मोजा : चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला 40 ग्रॅम. त्याजागी गूळ घातला तरी हिशेब जवळपास तोच.