डायरीत पाच वेळा 'ऐकत नाही'

मुलानं काही केलं की शाळा पालकांकडून सही करून घेते त्या हमीपत्राला बडोद्यात कुणी हमीपत्र म्हणत नाही. घरी मराठी बोलणारेसुद्धा 'बांहेधरी' म्हणतात. दरवर्षी श्रावणाच्या आसपास, पहिल्या चाचण्या आटोपल्या की दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत, जिथे मी शाळेच्या तक्रारींत अडकलेल्या पालकांशी आणि मुलांशी बोलते, हा कागद घेऊन दोन-तीन आया तरी येतात. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, शाळा म्हणते सही करा. करू का? नाही केली तर एल.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) हातात देतील का?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "शाळेच्या काउन्सेलरकडे पाठवलंय. म्हणजे त्याच्या डोक्यात काही आहे का?"

पूर्वी मी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देऊन टाकायचे. आता आधी मुलाची शाळेची सगळी डायरी मागते, शिक्षक शेरे लिहितात ती. का, ते सांगते. मुलाला इथे सोहम म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि आईवडिलांना विचारूनच लिहिते आहे.

सोहम सहावीत, खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. वडील मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शिफ्टवर, आई घरी शिवणकाम करते, आजी घरातच. रिसेसमध्ये पाण्याच्या नळाजवळ त्यानं वर्गातल्या एका मुलाला ढकललं आणि त्या मुलाच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. शाळेचं पत्र इंग्रजीत होतं. वर्तणूक नियमावलीप्रमाणे हा गंभीर प्रकार आहे, पुन्हा असं झालं तर शाळा एल.सी. देईल आणि त्याला आमची हरकत राहणार नाही. खाली आईवडिलांच्या सहीसाठी दोन रेषा. पत्र आलं त्या रात्री वडिलांनी सोहमच्या कानाखाली वाजवली. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि अपराधी सुरात नाही, तर 'मी माझ्याकडून केलं' अशा सुरात.

डायरीत जूनपासून पाच शेरे होते. शब्द थोडे इकडे-तिकडे, मतलब एकच. आजींनी त्याचं मराठी केलं, "ऐकत नाही म्हणतात. घरीही नाही हो ऐकत. चार हाका मारल्या तरी ढिम्म."

पहिल्या दोन भेटींत मीही तेच लिहून ठेवलं. 'उत्तर टाळतो. उशिरा, तुटक बोलतो. नजर देत नाही, तोंडाकडे बघत राहतो.' माझ्या वहीत ते अजून तसंच आहे. तिसऱ्या भेटीत पाऊस कोसळत होता आणि मध्येच वीज गेली. माझा छताचा पंखा जुना आहे, खटखट करतो, तो थांबला. मी सहज विचारलं, "सेव-उसळ तिखट खातोस की मध्यम?" आणि त्यानं पटकन उत्तर दिलं, वर त्या गाडीवाल्याची नक्कलही केली. पुढची दहा मिनिटं हा मुलगा नीट बोलत होता. वीज आली, पंखा सुरू झाला, आणि पुन्हा 'हं?'

मी उठून त्याच्या डाव्या बाजूला खुर्ची नेली. मग तोंडासमोर वही धरून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून हळू आवाजात नाव घेतलं. ही काही तपासणी नव्हे, पण उजवीकडून हाक मारली तेव्हा तो खिडकीकडे बघत होता. आईला विचारलं, फोन कुठल्या कानाला लावतो? ती क्षणभर थांबली. "डाव्या. नेहमी डाव्या." लहानपणी कान वाहायचा का? "उजवा. चौथ्या वर्षापासून, पावसाळ्यात. आई कोमट तेल घालतात, बरं वाटतं मग."

सयाजी हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात पाठवलं. उजव्या कानाच्या पडद्याला जुनं भोक, आणि त्या कानाला चाळीसच्या वर डेसिबलची तूट. डावा कान उत्तम. डॉक्टरांनी तेल बंद केलं, अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घालायला सांगितला, आणि कान नीट कोरडा राहिला तर मोठ्या सुट्टीत पडदा बसवायच्या ऑपरेशनचं बघू म्हणाले. एका कानानं ऐकणाऱ्या माणसाचं शांत खोलीत फारसं अडत नाही. गोंगाटात बोलणं वेगळं काढता येत नाही आणि आवाज कुठून आला ते कळत नाही, अडचण तिथे असते. म्हणून घरी आजीशी गप्पा मारताना ठीक आणि स्वयंपाकघरात कुकर, मिक्सर चालू असताना ढिम्म. मुद्दाम करतो असं वाटण्यासारखंच ते आहे.

सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची कान-डोळ्यांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते, २०१३ पासून. फी भरून खासगी शाळेत जाणारा सोहम त्यातून निसटला.

मग आम्ही डायरी घेऊन बसलो. आईनं शिवणकामाच्या वहीतलं पान फाडलं आणि पाचही शेऱ्यांची तारीख, तास, जागा, आधी काय चाललं होतं, नंतर काय झालं, असं आखून लिहिलं. पाचातले चार मैदानावर, नळाजवळ किंवा पंधरा ऑगस्टच्या बँडच्या तालमीत. पाचवीत एकही शेरा नव्हता. सहावीत नवीन वर्ग, उंचीप्रमाणे बाकं, सोहम शेवटच्या ओळीत डाव्या भिंतीला. म्हणजे चांगला कान भिंतीकडे आणि वाईट कान वर्गाकडे. हे पान मी आजवर शाळेत नेलेल्या कुठल्याही अर्जापेक्षा कामाचं ठरलं. माझं पालकांना एवढंच सांगणं असतं की शाळेच्या पायऱ्या चढण्याआधी हे पान तयार करा. कान असेल, डोळे असतील, घरातलं भांडण असेल, किंवा मुलगा खरंच दांडगाई करत असेल. जे असेल ते या पानावर दिसायला लागतं.

आता सहीचं. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याचं कलम १६ म्हणतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना करतं. खासगी शाळेलाही हे लागू आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या कायद्याबाहेर आहेत, तेव्हा आपली शाळा कुठली ते आधी बघावं. नववीपासून हे कवच नाही. तिथे शाळेची नियमावली शब्दन् शब्द वाचावी लागते. ती आपण प्रवेशाच्या वेळी न वाचता सही करून परत केलेली असते, सगळेच करतात. ज्या गावात सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या संस्थानाला सक्तीचं शिक्षण लागू केलं, तिथे मुलाला शाळेत ठेवा म्हणून विनवायची पाळी यावी याची मला गंमत वाटते, रागही येतो, पण तो राग मी खोलीबाहेर ठेवते.

कारण कायदा खिशात ठेवून जायचं असतं, हातात धरून नाही. सोहमच्या वडिलांना पहिल्या दिवशी थेट जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं होतं. तो रस्ता आहेच. पण दात सोहमनं ढकलल्यामुळे तुटला होता, हे खोटं नव्हतं. आणि वर्गशिक्षिका बावन्न मुलं सांभाळते. तिला त्याचा कान दिसायचा कसा? मला तरी कुठे दिसला दोन भेटी.

छापील बांहेधरीवर सही करू नका, पण कागद कोराही परत करू नका, असं मी सांगितलं. आईनं गुजरातीत स्वतःचं पत्र लिहिलं. त्यात एवढंच: तुमचं पत्र मिळालं. झाल्या प्रकाराची माफी मागतो, दाताचा खर्च देतो. डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स सोबत आहे. तीन गोष्टी मागतो: पहिल्या दोन ओळींत उजव्या भिंतीकडची जागा, सूचना देताना समोरून हाक, आणि गोंधळ झाला तर सोहमनं कुणाकडे जायचं त्या एका शिक्षकाचं नाव. सहा आठवड्यांनी पुन्हा भेटू. पत्राच्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का घेतला.

आचार्यांचा (इथे मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात) चेहरा सुरुवातीला घट्टच होता. "एकाला सूट दिली की सगळे मागतात," ते म्हणाले. आईनं आपलं पान त्यांच्यासमोर सरकवलं आणि म्हणाली, "सर, सूट नको. जागा बदला." सुपरवायझर बेननी पान ओढून घेतलं, तारखांवरून बोट फिरवलं आणि बँडच्या तालमीपाशी थांबल्या. "त्या दिवशी मीच ओरडले होते त्याला. मागून."

शाळेचा काउन्सेलर आठवड्यातून दोन दिवस येतो, तरुण मुलगा आहे. आईवडील त्याच्याकडे जायला घाबरत होते ते मी सुरुवातीला सांगितलेल्या कारणामुळे, 'त्याच्या डोक्यात काही आहे का' या धास्तीनं. त्याच्याकडे जाणं म्हणजे शिक्षा नव्हे, ती शाळेतली एक सोय आहे, वाचनालयासारखी. मुलानं सांगितलेलं तो सर्वांना सांगत सुटत नाही. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र सांगावं लागतं, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. फाइल कुणाकडे राहते, कोण बघतं, हे पालकांनी लेखी विचारावं. एल.सी.वर वर्तणुकीचा रकाना असतो, काउन्सेलरचा नसतो.

आणि या तरुण काउन्सेलरनंच ते शोधून काढलं जे आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं. वर्गातल्या पोरांना सोहमचा कान जुलैपासून माहीत होता. डॉक्टरांच्या आधी, आईच्या आधी. नळावर, रांगेत कुणीतरी उजवीकडून यायचं, कानाशी काहीतरी घाणेरडं पुटपुटायचं, आणि त्याला कळलं नाही की बाकीचे फिदीफिदी हसायचे. सोहमला शब्द कधीच ऐकू आले नाहीत. त्याला फक्त हसणारी तोंडं दिसायची. दात तुटला तो मुलगा त्या दिवशी कानाशी आला होता.

मुलांना त्रास देणं, चिडवणं याचंही कलम त्याच नियमावलीत होतं, सोहमला लावलेल्या कलमाच्या पुढच्याच पानावर. आईनं ते दाखवलं, पण कुणाची बांहेधरी मागितली नाही. काउन्सेलरनं त्या चार-पाच पोरांना वेगळं बसवलं. सोहमलाही सुटका नव्हती: आठवडाभर रिसेसमध्ये वाचनालयात पुस्तकं लावणं, आणि त्या मुलाच्या घरी वडिलांबरोबर जाणं. माझ्या मते ते योग्यच झालं. कारण सापडलं म्हणून ढकलणं माफ होत नाही, आणि तसं झालं असतं तर पोरानं दुसऱ्या महिन्यात कानच पुढे केला असता. नंतर एकदा केलाही. गृहपाठ ऐकू आला नाही म्हणाला; तो फळ्यावर लिहिलेला होता.

वडिलांना अपंगत्वाचा दाखला हवा होता, शाळेनं पुढे शब्द फिरवू नये म्हणून. तो मिळणार नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, पण 'कमी ऐकू येणारा' ठरायला दोन्ही कानांत साठ ते सत्तर डेसिबल तूट लागते. सोहमचा एक कान धडधाकट. त्यांना वाईट वाटलं. पण बाक बदलायला दाखला लागत नाही, डॉक्टरांचा केसपेपर पुरतो. आणि सातवीत वर्गशिक्षक बदलतील तेव्हा तोच कागद जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा नेऊन द्यायचा, शाळा आपणहून पुढे सांगेल असं धरून चालायचं नाही. आईनं प्लास्टिकच्या फाइलमध्ये चार झेरॉक्स करून ठेवल्यात.

सहा आठवड्यांनंतरची बैठक दसऱ्याच्या आधी झाली, पंधरा मिनिटांत संपली. छापील बांहेधरीचा विषय कुणी काढला नाही. शेरे दोन, दोन्ही गृहपाठाचे.

त्या संध्याकाळी वडील एकटे आले. शिफ्टचा डबा हातात तसाच. बसले नाहीत. "ताई, मी मारलं ते त्याच बाजूला होतं. उजव्या हातानं मारलं की डाव्या गालावर बसते ना? पण तो वळला होता." डॉक्टर भोक जुनं आहे म्हणाले होते, ते मी त्यांना पुन्हा सांगितलं. थपडेनं पडदा फाटू शकतो, हेही डॉक्टर म्हणाले होते, आणि ते त्यांच्या लक्षात होतं. "त्यानं काही म्हटलं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मुलानं माझ्याकडे सांगितलेलं मी सांगत नाही, हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यालाच विचारा. डावीकडे बसून.