चष्म्याच्या दिव्यावर टेप कशाला लावलीस?

ठाण्याच्या एका मित्राने विचारलंय: कॅमेरावाला स्मार्ट चष्मा घेतला, तलावपाळीवर फिरताना रील केलं, त्यात मैत्रिणीजवळ रडणारी एक मुलगी आली, रील जोरात चाललं आणि आता ती म्हणतेय काढ नाहीतर पोलिसात जाते. जागा पब्लिक होती, मग काढायलाच पाहिजे का?

मित्रा, आधी रील काढ, मग पुढचं वाच.

तुझं अर्धं बरोबर आहे. रस्त्यावर शूटिंगला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला फौजदारी कायदा) कलम 77 किंवा आयटी ॲक्टचं 66ई इथे बसेल असं मला वाटत नाही, ती कपडे बदलताना, बाथरूममध्ये वगैरे केलेल्या चित्रणासाठी आहेत. पण पब्लिक जागेत आल्याने प्रायव्हसी संपत नाही हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 च्या पुट्टास्वामी निकालात सांगितलंय, आणि तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्धचा असला तरी तुझ्याकडेही कोर्ट त्याच नजरेने बघणार.

खरी गोची वेगळीच आहे. तू सहज लिहून गेलायस की रेकॉर्डिंगचा दिवा 'उगाच लक्ष वेधतो' म्हणून त्यावर काळी टेप लावली होती. अरे, तो दिवा लक्ष वेधायलाच असतो! मोबाईल वर केला की समोरचा निदान तोंड तरी फिरवतो, चष्म्यात तेवढीही संधी नाही, ती होती ती तू टेपने झाकलीस. न्याय संहितेच्याच कलम 79 मध्ये स्त्रीच्या खासगीपणात घुसखोरी येते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यात अपमानाचा हेतू सिद्ध करावा लागतो आणि इथे ते सोपं नाही, पण सरकारी वकील पहिलं बोट टेपवरच ठेवणार. (आणि रडणारं माणूस दिसल्यावर कॅमेरा तिकडेच का राहिला, हे मीही विचारतोय.)

लोकांची वैयक्तिक माहिती जपणाऱ्या 2023 च्या डेटा कायद्यात वैयक्तिक, घरगुती वापराला सूट आहे खरी, पण तू रील पब्लिक अकाउंटवर टाकून त्याखाली चष्म्याची कमिशनवाली लिंक दिलीस, त्यानंतर 'घरगुती' म्हणणं कठीण.

आता कर काय, तर रील काढ पण मूळ फाईल उडवू नकोस, तक्रार झाली तर तू पुरावा नष्ट केला असं व्हायचं. ती कुणाला पाठवूही नकोस. तिला एकच मेसेज, काढलंय आणि माफ करा, बस्स. नको म्हणल्यावरही मेसेज करत राहिलास तर कलम 78, म्हणजे पाठलागाचा गुन्हा. आणि पोलीस स्टेशनमधून फोन आलाच तर चष्मा आणि मोबाईल घेऊन एकटा जाऊ नकोस, वकील बरोबर ने.