पहिला घोडा: ठेव मोडण्याआधी हा हिशोब करा

ताई, तुम्ही विचारलंय की दीड वर्ष रायडिंग शिकून झालंय, आता ठेव मोडून ४ वर्षांचा देखणा घोडा घ्यायचा का दुप्पट किमतीचा १३ वर्षांचा शांत घोडा. माझं मत, घ्यायचाच असेल तर १३ वर्षांचा, पण आत्ता लगेच ठेव मोडून नाही.

घोड्याची किंमत एकदाच द्यायची असते हो, खर्च रोजचा असतो. ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण २ टक्के धरली तरी ९ किलो वैरण लागते, म्हणजे वर्षाला सव्वातीन टन, तुम्ही एखाद्या महिन्यात एकदाही खोगीर चढवलं नाही तरी. दर ६ ते ८ आठवड्यांनी नालबंद येणार, शिवाय तबेल्याचं भाडं, जंताचं औषध, लसी, वाढलेले दात कानशीने घासून घेणं हे सगळं आलंच, आणि पोटशूळ उठला आणि ऑपरेशनची वेळ आली तर घोड्याच्या किमतीपेक्षा बिल मोठं होऊ शकतं. घोडे २५-३० वर्षं जगतात, म्हणजे १३ वर्षांचा घेतलात तरी शेवटची काही वर्षं तो पळणार नाही, नुसता खाणार, आणि तेव्हा गिऱ्हाईकही मिळणार नाही. त्याला गुंतवणूक समजू नका, परत न येणारा पैसा धरा.

आता स्वस्त ४ वर्षांचा का नको. त्याची हाडं अजून भरायची आहेत, शिक्षण अर्धवट आहे, तुमचंही अजून पक्कं नाहीये, दोघंही शिकाऊ असले की मग ट्रेनर लावावा लागतो आणि किमतीत वाचलेला पैसा त्याच्या फीमध्ये जातो, आणि पडलात तर दवाखाना वेगळाच. १३ वर्षांच्या शांत, खच्ची केलेल्या घोड्यात तुम्ही त्या शिक्षणाचे पैसे देताय, ते महाग वाटले तरी योग्य आहेत.

पण तोही तपासल्याशिवाय नको. बघायला जाल तेव्हा आधीच फिरवून घामाघूम करून, खोगीर कसून ठेवला असेल तर सरळ परत या, कारण दमवून शांत केलेला असू शकतो, दुसऱ्या दिवशी न कळवता जा, तबेल्यातून बाहेर काढण्यापासून सगळं तुमच्यासमोर होऊ दे, खूर उचलू देतो का बघा, आधी मालकाला बसायला सांगा मग तुम्ही बसा. व्हेट तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको. पाय दुमडून धरून लगेच दुडकी चालवतात ती टेस्ट करून घ्या आणि त्याच वेळी रक्ताचा नमुना घ्यायला लावा, कारण वेदनाशामक दिलं असेल तर लंगडणं त्या दिवशी दिसतच नाही. ही फी वाचवू नका प्लीज.

ठेवीचं म्हणाल तर ती तुमचा इमर्जन्सी फंड आहे असं तुम्हीच लिहिलंय, तिला हात नको. त्यापेक्षा ६ महिने एखादा घोडा अर्ध्या लीजवर घ्या, आठवड्यातले ३ दिवस तुमचे आणि खर्चही अर्धा, आणि पूर्ण घोड्याला जेवढा खर्च आला असता त्यातला उरलेला अर्धा दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. एकही महिना न चुकता जमलं तर घोडा तुम्हाला झेपतो, आणि त्या खात्यातले पैसे त्याच्या आजारपणासाठी तसेच राहू द्या. किमतीसाठी वेगळी बचत सुरू करा, १३ वर्षांचा हाच घोडा तोवर विकला गेला तर जाऊ दे, असा दुसरा मिळतो.