नदीकाठी भराव टाकला की तिथे गाजर गवत आणि बेशरमच का माजतात?

कारण भरावाखाली काठावरची जुनी झाडं-गवत गाडली जातात आणि उघड्या, उन्हातल्या मातीत हीच दोन सगळ्यांत आधी हातपाय पसरतात. गाजर गवताचं बी बरेचदा भरावाच्या मातीतूनच किंवा डंपरच्या चाकांना चिकटून येतं; एकेका झाडाला हजारो बिया धरतात. बेशरमला तर बीही लागत नाही. जेसीबीनं तुटलेली कांडी ओल्या गाळात पडली की पेराला मुळं फुटतात, पुरात वाहिली तर खालच्या काठावर रुजते, आणि विषारी असल्यानं गुरं सहसा तोंड लावत नाहीत. मुळा-मुठेच्या काठावर हे सहज बघायला मिळतं. मात्र पूरही काठ खरवडतो, सगळा दोष भरावाचा नाही. करंज-उंबराची दाट सावली शाबूत असेल तिथे गाजर गवत फारसं टिकत नाही. बेशरम काढलीत तर कांड्या काठावर टाकू नका, वाळवून नष्ट करा.