जुने रेट्रो-फ्युचरिस्टिक सायन्स फिक्शन ॲनिमे आज पहिल्यांदा बघण्यात अर्थ आहे का? कुठून सुरुवात करावी?

आहे. ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन, आणि रेट्रो-फ्युचरिस्टिक म्हणजे जुन्या काळाच्या रूपात रंगवलेलं भविष्य. 'गॅलेक्सी एक्सप्रेस ९९९' या अवकाशातल्या आगगाडीच्या गोष्टीपासून सुरुवात करा. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की अवकाशात वाफेचं इंजिन बघून हसू आलं आणि तिथेच बंद केलं. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. सोळा वर्षांपूर्वी आमच्या घरात माझा दादा अगदी हेच बोलला होता.

आमचे आप्पा भुसावळच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, पुढे फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, झाले आणि निवृत्त झाले तेव्हा इलेक्ट्रिक इंजिनावर ड्रायव्हर होते. दादा मेकॅनिकल इंजिनिअर. या गोष्टीवर रिंतारोने दिग्दर्शित केलेला १९७९चा सिनेमा मी दिवाळीच्या सुट्टीत घरी लावला. तेत्सुरो नावाचा पोरगा, त्याच्या आईला यंत्रशरीराच्या सरदाराने शिकार म्हणून मारलेलं. जिथे यंत्राचं शरीर फुकट मिळतं त्या ग्रहावर त्याला जायचंय. काळ्या कपड्यांतली मेतेल त्याला तिकीट देते, आणि फलाटावर उभी असते ती चक्क कोळशाच्या इंजिनाची गाडी.

दादा म्हणाला, "प्राणवायू नाही तिथे कोळसा जळणार कसा? काहीही दाखवतात." आणि उठून गेला.

आप्पांनी खुर्ची पुढे ओढली. गाडी वेग घ्यायला लागली तशी त्यांची नजर चाकांच्या दांड्यांवर खिळली. "बरोबर काढलंय," म्हणाले. मग विचारलं, "फायरमन कुठंय?" मी सांगितलं, फायरमन नाही, ड्रायव्हरही नाही, इंजिन स्वतःच विचार करून चालतं. ते बराच वेळ गप्प होते. मग जागेवरच उठून त्यांनी फावडं मारून दाखवलं. आधी मागचे कोपरे, मग कडा, पुढे पातळ थर, आणि दार झटक्यात बंद, नाहीतर गार हवा आत शिरून प्रेशर पडतं. त्यांच्या हातावरचे भाजल्याचे डाग मी जन्मापासून बघत होते. कुठला डाग कुठल्या गाडीवरचा, ते त्या रात्री कळलं.

तर ते इंजिन उगाच काढलेलं नाही. ते जपानी रेल्वेचं सी-६२ आहे. १९४८-४९ मध्ये अशी ४९ इंजिनं बनली, प्रवासी गाड्या ओढणारी त्यांची सगळ्यात मोठी वाफेची इंजिनं. त्यातलं एक १९५४ साली ताशी १२९ किलोमीटर धावलं. जपानमधल्या नियमित प्रवासी गाड्यांची वाफेची इंजिनं १९७५च्या डिसेंबरमध्ये थांबली आणि '९९९'ची टीव्ही मालिका सुरू झाली १९७८ साली. बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून ती जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणारे लेइजी मात्सुमोतो स्वतः तरुणपणी क्यूशूहून आगगाडीनेच टोकियोला आले होते. आणि गोष्टीत मेतेल कारणही सांगते: जे प्रवासी परत येणार नाहीत त्यांच्यासाठी आठवणी जाग्या करणारं असंच रूप लागतं. रेट्रो-फ्युचरिस्टिक म्हणजे भविष्याचा अंदाज चुकलेली गोष्ट, असं ज्यांना वाटतं त्यांनी ॲनिमेबद्दल बोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमचा प्रश्न. सिनेमा आधी बघा, दोन तासांहून थोडा मोठा आहे. मालिकेचे ११३ भाग आहेत, त्यातले आवडतील तेवढे बघा. प्रत्येक थांबा म्हणजे बहुतेक एक नवा ग्रह, त्यामुळे मधले सोडले तरी अडत नाही. नंतर 'रॉयल स्पेस फोर्स' (१९८७) हा सिनेमा घ्या. त्यातल्या अख्ख्या जगाची नाणी आणि चमचेसुद्धा नव्याने रचलेत, पण त्यात बळजबरीचा एक प्रसंग आहे, तो मला आजही खटकतो. '९९९'ही लहान मुलांसोबत लावू नका, आईचा मृत्यू जिव्हारी लागतो. मात्सुमोतोंनी काढलेल्या बायका बहुतेक एकाच चणीच्या, उंच आणि सडपातळ, हेही खरं.

आणि घरात कोणी रेल्वेत होतं का? असेल तर त्यांना शेजारी बसवा.

आप्पा जाऊन चार वर्षं झाली. दादाने सिनेमा अजून पाहिलेला नाही, प्राणवायूचं मात्र दर दिवाळीला ऐकवतो. कोळशाला हवा लागते हे अकरा वर्षं फायरबॉक्ससमोर, म्हणजे इंजिनाच्या भट्टीसमोर, उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती, दादा. ते शेवटपर्यंत बसले होते.