‘दादा आजच्या काळात असता तर…’

“मॅडम, ऑलिव्हर मॅकॉल आजच्या काळात लढला असता, तर सावरला असता का?”

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत माणसं झोपेबद्दल बोलतात, नोकरीबद्दल, घरातल्या कुरबुरींबद्दल. हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला. मॅकॉल कोण हे मला माहीत नाही, असं मी सरळ सांगितलं, आणि समोरचे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकून बसले.

त्यांना आपण सुहास म्हणू. (नाव आणि काही तपशील बदललेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.) वय 42, पुण्यात चांगली नोकरी. बायकोनं पाठवलं होतं, कारण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते मोबाइलवर जुन्या बॉक्सिंगच्या लढती बघत बसायचे. त्यातही एकच लढत, पुन्हा पुन्हा.

ती लढत 7 फेब्रुवारी 1997 ची, लास वेगासमधली. हेवीवेटचं जागतिक विजेतेपद पणाला लागलेलं. एका बाजूला ब्रिटनचा लेनॉक्स लुईस, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा मॅकॉल. याच मॅकॉलनं 1994 मध्ये लंडनला लुईसला दुसऱ्याच राउंडमध्ये आडवा केला होता. पण मधल्या काळात क्रॅक कोकेननं त्याला पोखरलं होतं आणि उपचार चालू असतानाच तो रिंगमध्ये उतरला होता.

पुढच्या भेटीत आम्ही दोघांनी मिळून ती लढत पाहिली. तिसरा राउंड संपतो. मॅकॉल स्टुलावर बसायला जात नाही, रिंगमध्येच फेऱ्या मारत राहतो. चौथ्या राउंडमध्ये त्याचे हात खालीच. लुईसकडे पाठ करून तो दोरांच्या कडेकडेनं चालतो, आणि समोरचा माणूस का लढत नाही हे लुईसलाही कळत नाही. मग मॅकॉल रडायला लागतो. एवढा धिप्पाड माणूस, हजारो लोकांसमोर, हातात ग्लोव्हज असल्यामुळे डोळेही नीट पुसता येत नाहीत. पाचव्या राउंडला 55 सेकंद झाल्यावर पंच मिल्स लेन लढत थांबवतात. नंतर त्याचं मानधन अडकवून ठेवलं गेलं. सगळ्यांना आधी पैशांची चौकशी करायची होती.

टीव्हीवरच्या माणसाचं निदान करू नये, हे मी पाळते. पण माणूस आतून मोडताना दिसतो तेव्हा तो दिसतोच.

सुहास यांनी त्या मॅकॉलसाठी मनात एक वेगळा जन्मच रचला होता. त्यात तो वीस वर्षं उशिरा येतो. त्यांच्यासमोर उदाहरण होतं ब्रिटिश बॉक्सर टायसन फ्युरीचं. नोव्हेंबर 2015 मध्ये व्लादिमिर क्लिचकोला हरवून तो हेवीवेटचा जगज्जेता झाला. वर्षभराच्या आत दारू, कोकेन आणि नैराश्यात बुडाला, किताब सोडून दिले, वजन 180 किलोंच्या आसपास गेलं. जगणं नकोसं झालं होतं, हे त्यानं स्वतः उघडपणे सांगितलं. तरी 2018 मध्ये तो परतला, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये डिऑन्टे वाइल्डरला सातव्या राउंडमध्ये हरवून पुन्हा विजेता झाला. लोकांनी त्याच्या आजाराबद्दल ऐकून घेतलं, टाळ्याही वाजवल्या.

“म्हणजे काळच चुकला ना मॅडम? आधी जन्मला, एवढाच गुन्हा.”

मी विचारलं, “आणखी कोण आधी जन्मलं?”

बराच वेळ ते गप्प राहिले. मग दादाबद्दल बोलले. 1996 साली दादा 22 वर्षांचा होता, राज्य पातळीवर बॉक्सिंग खेळायचा. एका निवड चाचणीत मधल्याच राउंडला त्यानं हात खाली सोडले आणि उभा राहिला. नुसता उभा. समोरचा मारत होता, हा मार खात होता. बाहेर लोक हसत होते. घरी वडील म्हणाले, “नाटकं करतो, नाव घालवलं.” त्यानंतर दादा खेळला नाही, कुठे टिकून नोकरीही केली नाही. आज 50 वर्षांचा आहे, मागच्या खोलीत राहतो, कमी बोलतो.

“आणि मी चौदा वर्षांचा होतो. मी पण हसलो होतो.”

माझ्याकडे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत फार वेळा येतो. ‘तेव्हा कळलं असतं तर?’ ‘तेव्हा डॉक्टरांकडे नेलं असतं तर?’ कुणी आईबद्दल विचारतं, कुणी मुलाबद्दल. त्यावर ‘तुम्ही लहान होता, तुमचा काय दोष’ असं म्हणणं सोपं असतं. सुहास यांना ते बायकोनं, मित्रांनी शंभरदा सांगितलं होतं आणि त्यानं अपराधीपण तसूभरही हललं नव्हतं. कारण ते हसले होते, हे खरंच होतं. खऱ्या गोष्टीला ‘तसं काही नाही’ म्हटलं की माणूस ती आणखी आत लपवतो. मी म्हटलं, “हो, तुम्ही हसलात. आणि अठ्ठावीस वर्षं ते विसरला नाहीत.” तेव्हा ते पहिल्यांदा रडले.

मग मी त्यांच्याच खेळाकडे वळले. म्हटलं, मॅकॉलला आजच्या काळात आणा, पण त्याच्याजवळ कोण उभं आहे तेही सांगा. फ्युरीजवळ बायको होती, त्याला जिममध्ये परत घेणारा प्रशिक्षक होता. मॅकॉलला एकट्याला उचलून इकडे ठेवलंत, तर त्याच्या रडण्याची क्लिप तासाभरात जगभर फिरेल आणि लोक तितकेच हसतील. हे त्यांना पटलं नाही. थोडे चिडलेच. पण पुढच्या भेटीत स्वतःहून म्हणाले, “चौथा राउंड संपल्यावर मिल्स लेन त्याच्याजवळ जातात, लढायचंय का विचारतात. दादाला तर एवढंही कोणी विचारलं नाही. अजूनही नाही.”

त्या ‘अजूनही’वर आम्ही तो सगळा तास घालवला.

मी तोवर थोडी माहिती काढली होती. मॅकॉलची गोष्ट 1997 ला संपत नाही. व्यसन आणि अटका त्याला पुढेही सुटल्या नाहीत, पण 2001 मध्ये त्यानं हेन्री अकिनवांडेला दहाव्या, शेवटच्या राउंडमध्ये पाडलं, आणि पन्नाशी उलटल्यावरही तो रिंगमध्ये उतरला. सुहास यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. शेकडो वेळा बघूनही त्यांचा व्हिडिओ पाचव्या राउंडच्या पुढे कधी गेलाच नव्हता. त्यांचा दादाही त्या चाचणीतच उभा होता, हात सोडून, 22 वर्षांचा.

घरातला पन्नाशीचा माणूस दिवसभर काय करतो, असं मी विचारलं. त्यांना सांगता येईना. पाहून या म्हटलं.

पुढच्या वेळी ते म्हणाले, “दर रविवारी दोरीवर दोन लांब पट्ट्या वाळत असतात. मला वाटायचं आईच्या कसल्यातरी असतील. त्या ग्लोव्हजच्या आत हाताला बांधायच्या पट्ट्या आहेत. दादा अजून धुतो, वाळवतो, गुंडाळून ठेवतो.”

तिथून पुढचं काम हळूहळू झालं, आणि अजून चालू आहे. दादांना मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायला तीन महिने लागले, दोनदा ते दारातून परतले. (घरच्यांना सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.) गोळ्या सुरू झाल्यात. झोप सुधारली आहे. गेलेली वर्षं परत आलेली नाहीत, आणि सुहास यांना त्याचं दुःख आहे. ते राहील.

पण एका रविवारी ते दोरीजवळ गेले, पट्टीचं एक टोक धरलं आणि विचारलं, “दादा, त्या दिवशी काय झालं होतं रे?”

दादा दुसऱ्या टोकाकडून पट्टी गुंडाळत राहिले. म्हणाले, “ऐकू येणं बंद झालं होतं. नीट धर, पीळ पडतोय.”